चारशे मिलीचा इतिहास

आजचा विषय ऐकून थोडं हसू येईल, पण ऐका. एसटीत बसलोय, पुढचा थांबा तासाभरावर आणि लघवी लागलीये. आपण काय करतो? धरून ठेवतो. हे धरून ठेवणं केवढी मोठी गोष्ट आहे, ते मला हा इतिहास वाचेपर्यंत कळलंच नव्हतं.

निरोगी मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिली लघवी मावते. 150-200 मिलीला पहिली चाहूल लागते. ही खबर मज्जारज्जूतून मेंदूकडे जाते आणि 'थांब' किंवा 'सोड' हा हुकूम त्याच वाटेने खाली येतो. ती वाटच तुटली तर? कुणाचं मूत्राशय थोडंसं भरताच आपोआप आवळतं आणि आतला दाब वाढतो. कुणाचं ढिलं पडतं, अर्धा लिटर ओलांडला तरी पत्ता लागत नाही आणि लघवी साचून राहते. दोन्हीकडे शेवटी घाव बसतो तो किडनीवर.

म्हणूनच पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक वाचत नसत. ते गोळीने कमी आणि पाठीवरच्या जखमा अन् लघवीच्या जंतुसंसर्गाने जास्त जात. नाझी जर्मनीतून इंग्लंडला आलेल्या डॉ. लुडविग गुटमन यांनी 1944 मध्ये स्टोक मँडव्हिलला अशा रुग्णांचा विभाग सुरू केला. रुग्णांना ठरावीक वेळाने कुशीवर वळवायचं आणि कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, पूर्ण निर्जंतुक पद्धतीने घालायची, हा त्यांचा दंडक. माणसं जगू लागली. पण नळीसाठी दवाखाना काही सुटेना.

मग 1972 मध्ये अमेरिकेत, मिशिगनच्या डॉ. जॅक लॅपिडिस यांनी वेगळंच मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की जंतूंपेक्षा मूत्राशय जास्त ताणलं जाणं घातक. ताणामुळे त्याचा रक्तपुरवठा घटतो आणि जंतूंना वाव मिळतो. म्हणून हात स्वच्छ धुवा, स्वच्छ नळी घ्या आणि वेळेवर मूत्राशय रिकामं करा. तेही स्वतःच, घरी! अनेक डॉक्टरांना हे पचलं नाही. पण पद्धत टिकली.

आज ही माणसं साधारण दर 4 ते 6 तासांनी नळी घालतात. हेतू हाच, की मूत्राशयात 400-500 मिलीपेक्षा जास्त साचू नये. नस खबर देत नाही, म्हणून ती घड्याळ बघतात. आणि ऑफिसला जातात, प्रवास करतात, संसार करतात.

तेव्हा आपल्या मित्रमंडळीत कुणी घड्याळ बघून मध्येच उठलं, तर 'आत्ताच तर जाऊन आलास' म्हणून चिडवू नका, बरं का. भेटू पुढच्या भागात!