टेम्स आयर्नवर्क्स
टेम्स आयर्नवर्क्स : (१८३७–१९१२). पूर्व लंडनमध्ये ली नदी टेम्सला मिळते तेथील लोखंडी जहाजे बांधणारा प्रसिद्ध कारखाना. संगमाजवळच्या लीच्या नागमोडी पात्राला बो क्रीक म्हणतात. त्याच्या दोन्ही तीरांवर कारखाना पसरला होता. थॉमस डिचबर्न व चार्ल्स मेअर यांनी तो आधी डेटफर्डला काढला. तेथे आग लागल्यावर त्यांनी येथे बस्तान हलवले. पुढे मेअरचे दिवाळे निघाले आणि १८५७ मध्ये नवी कंपनी उभी राहून हे नाव रूढ झाले.

ब्रिटिश आरमाराची पहिली लोखंडी चिलखती युद्धनौका ‘वॉरियर’ येथलीच. तिच्या कुशीवर साडेचार इंच जाड लोखंडी पत्रे आणि त्यांमागे अठरा इंच सागवान होते. २९ डिसेंबर १८६० रोजी तिला पाण्यात सोडायचे ठरले, तेव्हा थंडी एवढी कडाक्याची होती की जहाज उतारावरच गोठून चिकटले. टगबोटींनी ओढून आणि जलदाबाच्या यंत्रांनी रेटूनही भागेना, म्हणून माणसे डेकवर या बाजूहून त्या बाजूला धावून तिला हलवत राहिली. अखेर ती सुटली.

मुंबईशी या कारखान्याचा संबंध जवळचा आहे. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी खास बांधलेली ‘मॅग्डाला’ १८७० मध्ये येथूनच पाण्यात उतरली. १८६८ च्या ॲबिसिनिया मोहिमेत मुंबईहून गेलेल्या फौजेने घेतलेल्या किल्ल्याचे नाव तिला दिले होते. फिरत्या बुरुजांत चार तोफा असलेली ही बुटकी नौका मुंबईत आली आणि तोफांचा सराव सोडला तर बंदराबाहेर पडलीच नाही. १८७५ मध्ये ज्या ‘सेरापिस’मधून प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईला आला, तेही याच कारखान्याचे जहाज. त्या भेटीची आठवण म्हणून उभारलेल्या अश्वारूढ पुतळ्यावरून मुंबईतल्या त्या भागाला काळा घोडा हे नाव पडले.

२१ जून १८९८ रोजी ‘अल्बियन’ ही युद्धनौका पाण्यात उतरताना उसळलेल्या लाटेने प्रेक्षकांनी भरलेला लाकडी पूल कोसळला. जयघोषात बुडणाऱ्यांच्या किंकाळ्या ऐकूच गेल्या नाहीत. तिसांहून अधिक माणसे दगावली. त्यांत बायका-मुले बरीच होती. कारखान्याच्या इतिहासातला हा सर्वांत दुःखद दिवस.

कारखाना बंद का पडला? लंडनची महाग मजुरी आणि अध्यक्ष अर्नोल्ड हिल्स यांनी १८९४ मध्ये लागू केलेला आठ तासांचा दिवस यांवर खापर फोडले जाते. ते पटत नाही. टेम्सवरचे इतर अनेक कारखाने आठ तासांचा दिवस येण्यापूर्वीच, १८६६ च्या बँक-संकटानंतर एकामागून एक बंद पडले होते. खरी अडचण जागेची होती. क्लाइड आणि टाइनच्या काठी कोळसा व लोखंड हाताशी होते. येथे ते लांबून आणावे लागे. शिवाय जहाजे वाढत गेली, नदी तेवढीच राहिली. १९११ मध्ये उतरलेली ‘थंडरर’ एवढी मोठी होती की उरलेले काम खाली डॅगनहॅमला नेऊन करावे लागले. तीच कारखान्याची शेवटची युद्धनौका. त्यानंतर आरमाराकडून नवे काम मिळाले नाही. संधिवाताने अंथरुणाला खिळलेले हिल्स तशा अवस्थेतही कामगारांसाठी झगडत राहिले. डिसेंबर १९१२ मध्ये दरवाजे बंद झाले.

लाल तापवलेला रिव्हेट भोकात बसवायचा आणि तो निवण्याआधी हातोड्याने ठोकून त्याचे डोके चपटे करायचे, हे येथले रोजचे काम. १८९५ मध्ये कामगारांसाठी निघालेला फुटबॉल संघ १९०० मध्ये वेस्ट हॅम युनायटेड झाला. त्याच्या बोधचिन्हावर ते हातोडे अजून आहेत, आणि प्रेक्षक आजही संघाला ‘आयर्न्स’ म्हणून हाक मारतात. ‘वॉरियर’ पोर्ट्समथला जपून ठेवली आहे. कारखान्याच्या परिसरात आता कॅनिंग टाउन स्थानक आहे. तेथल्या भिंतीवर कारखान्याची हकीकत कोरलेली आहे.