अस्सल आणि नक्कल : दापोडीच्या चित्रांपासून स्लाइडवरील आलेखापर्यंत

१/ गेल्या महिन्यात एका चर्चासत्रात मी जुन्या धान्यभावांवर निबंध वाचला. पडद्यावर आलेख होता : रुपयाला किती शेर ज्वारी. मागच्या रांगेतून प्रश्न आला, ‘‘हा आकडा ११ आहे की १९?’’ अक्षरे धूसर होती. मी ठामपणे ‘११’ म्हणालो. रात्री दापोडीला घरी येऊन मूळ तक्ता उघडला. आकडा १९ होता.

२/ रुपयाला १९ शेर म्हणजे स्वस्ताई, ११ शेर म्हणजे महागाई. देवनागरी १ आणि ९ यांत फरक एका वळणाचा. ते वळण पुसले गेले आणि माझ्या तोंडून एका बऱ्या वर्षाची टंचाई झाली. चूक माझीच होती. पण प्रतिमा एका माध्यमातून दुसऱ्यात नेताना रेषा का झिजते, हा प्रश्न जुना आहे. त्याचा एक धागा माझ्याच गावातून जातो.

३/ आज दापोडी म्हटले की लोकल, एस.टी.ची कार्यशाळा आणि मुळा-पवनेचा संगम आठवतो. दोनशे वर्षांपूर्वी येथे कॅप्टन फोर्डचा बंगला होता. पेशव्यांच्या सेवेतील पलटणीचा हा अधिकारी ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत दापोडीहून जाऊन इंग्रजांना मिळाला. पुढे गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत (१८२७-३०) ही जागा सरकारने घेतली. तेथे वनस्पती-उद्यान उभे राहिले.

४/ १८३८ पासून उद्यानाचे अधीक्षक होते डॉ. अलेक्झांडर गिब्सन, पुढे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. वनस्पती दाबून वाळवली की तिचा रंग उडतो, फुलाची ठेवण चपटी होते. जिवंत रूप टिकवण्याचा मार्ग एकच : चित्र. १८४० च्या दशकाच्या अखेरीस गिब्सन यांनी एका चित्रकाराकडून सुमारे १७० चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पती-उद्यानात आहेत. हेन्री नॉल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

५/ चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, असे मानले जाते. त्याचे नाव मात्र नोंदलेले नाही. त्याची पाकळी टिकली, देठावरची लव टिकली. सही तेवढी नाही. या विसंगतीकडे शेवटी परत येऊ. आधी पाहू की अशा चित्राच्या शंभर प्रती हव्या असत्या, तर त्या काळी काय करावे लागले असते.

६/ एक मार्ग शिळाप्रेसचा. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. तत्त्व साधे : तेल आणि पाणी मिसळत नाहीत. तेलकट शाईची रेषा दगडावर शाई धरते, ओला दगड ती झटकतो. पण दगडावर मजकूर उलटा हवा, म्हणून तो बहुधा खास कागदावर सुलटा लिहून दगडावर दाबून उतरवीत. प्रत्येक उतरवणीत तेलकट रेषा थोडी फाकते. नकलेवरून नक्कल केली की बारीक रेषा जाड होते आणि जवळच्या दोन रेषा एक होतात.

७/ १८५९-६० मध्ये साउदॅम्प्टन येथे ब्रिटिश सर्वेक्षण खात्याचे सर हेन्री जेम्स यांच्या देखरेखीखाली नवी पद्धत आली : फोटोझिंको. नकाशाचे छायाचित्र घ्यायचे, त्यावरून जस्ताच्या पत्र्यावर ठसा उतरवायचा. मधला नकलनवीस आणि त्याच्या चुका गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यातही सरकारी फोटोझिंको कार्यालय आले. इलाख्याचे नकाशे तेथे छापले जात. शासकीय फोटोझिंको मुद्रणालय हे नाव पुणेकरांना आजही परिचित आहे.

८/ या पद्धतीची एक अट होती. तिला फक्त काळे आणि पांढरे कळे. करडी, पुसट रेषा तिच्या हाती लागत नसे. म्हणून नकाशा पांढऱ्याशुभ्र कागदावर दाट काळ्या शाईने आणि हव्या त्या आकाराहून मोठा काढण्याची रीत पडली. मोठे लहान केले की हाताचा कंप झाकला जातो. लहान मोठे केले की तो उघडा पडतो. नकाशावरची रेषा म्हणजे कोणाचा तरी बांध. ती फाकली, तर भांडण कागदावर राहत नाही.

९/ १८८० च्या दशकात हाफटोन रुळू लागले : छायाचित्राच्या छटा लहानमोठ्या ठिपक्यांत फोडायच्या. छटांसाठी ही क्रांती होती, रेषेसाठी तडजोड. ठिपक्यांतून काढलेली रेषा भिंगाखाली तुटक दिसते. छापील हाफटोनवरूनच पुन्हा हाफटोन केले, तर ठिपक्यांच्या दोन जाळ्या एकमेकींवर पडून चित्रावर लाटा उमटतात. नकलेची नक्कल पुन्हा आडवी आली.

१०/ आता आपल्या स्लाइडकडे. संगणकातही प्रतिमांची हीच दोन कुळे आहेत. एक ठिपक्यांचे : जेपीईजी (१९९२), पीएनजी (१९९६). दुसरे रेषेचे : एसव्हीजी (२००१). यात ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढ’ अशी आज्ञाच साठवलेली असते; म्हणून कितीही मोठे करा, कड धारदार राहते. स्तंभ, रेघा आणि अक्षरे यांनी बनलेला आलेख स्वभावतः दुसऱ्या कुळातला आहे.

११/ मी काय केले होते? तक्त्यातील आलेखाचा स्क्रीनशॉट घेतला, व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवला, तेथून उतरवून स्लाइडवर ताणला. साधारण ४८० बिंदू रुंदीचे चित्र १९२० बिंदूंच्या पडद्यावर पसरले, की मूळच्या एका ठिपक्याच्या जागी सोळा ठिपके येतात. उरलेला तपशील संगणक अंदाजाने भरतो. त्यात जेपीईजी चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून तपशील गाळते; छायाचित्रात ते खपते, अक्षराच्या कडेशी धूळ साचते. एका रात्रीत तीन नकला!

१२/ यावरून घेतलेले धडे :
• आलेख तक्त्यातून थेट स्लाइडवर चिकटवा किंवा एसव्हीजी अथवा ईएमएफ म्हणून न्या.
• चित्रच करायचे असेल, तर पीएनजी; आणि स्लाइडवरील जागेपेक्षा दुप्पट रुंदीचे. नकाशेवाल्यांचाच नियम : मोठे काढा, लहान करा.
• पॉवरपॉइंटच्या प्रगत पर्यायांत ‘प्रतिमा संकुचित करू नका’ ही खूण करा, आणि ती चित्रे घालण्यापूर्वी.
• व्हॉट्सॲपवरून पाठवणे अटळ असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

१३/ मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. रेषेच्या कुळातील फाइलमध्ये अक्षरे अनेकदा फाँटच्या भरवशावर असतात. सभागृहातील संगणकावर तो फाँट नसेल, तर दुसरा येऊन बसतो. जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या सरकतात. म्हणून अक्षरांचे रेषांत रूपांतर करून ठेवा किंवा फाँट फाइलमध्येच अंतर्भूत असलेली पीडीएफ सोबत न्या. आणि सर्वांत मागच्या खुर्चीत बसून एकदा स्वतः वाचून पाहा.

१४/ मूळ आकडेच जुन्या छापील ग्रंथात असतील, उदाहरणार्थ १८८५ च्या पुणे गॅझेटियरमध्ये, तर पानाचा फोटो ताणत बसू नये. आकडे उतरवून आलेख नव्याने काढावा आणि खाली पृष्ठक्रमांक द्यावा. पानच दाखवायचे असेल, तर किमान ३०० डीपीआयने स्कॅन करून हवा तो भागच घ्यावा. स्कॅनमध्ये जे आले नाही, ते नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाही.

१५/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे शिकवावे लागू नये. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करणाऱ्या राजवाड्यांनी आपल्याला अस्सल कागदाची शिस्त लावली. पत्र हाती आले की आपला पहिला प्रश्न असतो : हे अस्सल की नक्कल? स्लाइडवर आलेख ठेवताना तोच प्रश्न मी विचारला नाही, इतकेच.

१६/ दुसऱ्या दिवशी चर्चासत्रातील सर्वांना मी दुरुस्तीचा मजकूर आणि नवा आलेख पाठवला. त्यात १९ स्पष्ट दिसतो. दापोडीच्या त्या चित्रकाराच्या रेषा मात्र आजही तशाच आहेत, कारण अस्सल कागदच जपले गेले. त्याचे नाव कोणत्याच कागदावर नव्हते, आणि जे उतरवलेच नाही, ते कोणत्याही नकलेत सापडत नाही. आपल्या आलेखाखाली साधन आणि करणाऱ्याचे नाव लिहायला विसरू नका.