वेदना जुनीच होती, मग लेखणी कशामुळे उठली?

माणूस का लिहितो, या प्रश्नाची साहित्य संमेलनाच्या मांडवातली उत्तरं ठरलेली असतात: आत्माविष्कार, प्रतिभा, आतला आवाज. आमच्या लिहिण्याची पाळी आली की शब्द बदलतो, 'आक्रोश' होतो. म्हणजे त्यांचं ते साहित्य आणि आमचं ते रडणं! आमचा आक्षेप या वर्गवारीलाच आहे.

केवळ वेदनेने माणूस लिहिता झाला असता, तर गावकुसाबाहेर शेकडो वर्षांपूर्वीच ग्रंथांचे ढीग लागले असते. वेदनेचा तुटवडा आम्हाला कधीच नव्हता. मग १८५५ मध्ये काय वेगळं घडलं?

पुण्यात जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने 'मांगमहारांच्या दुःखाविषयी' हा निबंध लिहिला. अमेरिकन मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय'ने तो १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत छापला. शीर्षकात दुःख आहे म्हणून तो रडगाणं ठरत नाही. मुक्ता वकिलासारखी मांडणी करते. वेद ब्राह्मणांचेच, आम्ही ते पाहायचेही नाहीत, तर आम्ही धर्मपुस्तकाविना ठरलो. मग आमचा धर्म तरी कोणता? समोरच्याचंच म्हणणं उचलून त्याच्यावर उलटवलं आहे. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून गेल्याबद्दल होणारी शिक्षा, इमारतींच्या पायात गाडलेली माणसं, छपराविना बाळंत होणाऱ्या बाया, हे सगळं येतं ते पुरावा म्हणून. आणि महारही मांगांना कमी लेखतात, हेही ती लिहून ठेवते. (जयंतीच्या भाषणांत नेमका हाच भाग गाळला जातो.)

वेदना जुनी होती. नवीन होतं ते वाचता येणं. वाचता आलं की कळतं, आपल्याबद्दलचा निवाडा आपल्याला न विचारता लिहून झाला आहे. लेखी निवाड्याला तोंडी उत्तर पुरत नाही.

बाबासाहेबांकडे पदव्या होत्या, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी होती, पण उत्तर छापायला जागा नव्हती. शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची साधी जाहिरातसुद्धा छापली नाही.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचीही सुरुवात वाचण्यापासूनच झाली. दुकानात पुड्या बांधायला आणलेली रद्दी त्या वाचत. पुढे लिहू लागल्या, ते नवऱ्यापासून लपवून, सुमारे वीस वर्षं! 'जिणं आमुचं' पुस्तकरूपात १९८६ साली आलं. त्यात सवर्णांना जाब आहेच, पण आपल्याच वस्तीत सुनांचा झालेला छळही आहे. तो जाब आम्हा पुरुषांना आहे, आणि त्यावर चर्चा करायला चळवळीतले अनेक जण आजही कचरतात.

"आता लिहून काय होणार, रस्त्यावर उतरा," असं म्हणणारे मित्र आम्हाला रोज भेटतात. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तो दिवस २० मार्च १९२७ चा. त्यानंतर सवर्णांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं. 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक ३ एप्रिलला निघाला, म्हणजे अवघ्या दोन आठवड्यांनी.