पॉप-अप स्प्रिंकलर नीट फवारत नाही? आधी जाळी बघा

लॉनमधलं एकच हेड मंद झालं असेल, तर नवीन आणण्याआधी मी त्याची जाळी बघतो. पाणी बंद करा, मधली दांडी वर ओढून घट्ट धरा (आत स्प्रिंग असते, सोडली की खाली जाते) आणि नोझल फिरवून काढा. त्याखालच्या जाळीत वाळू, शेवाळ अडकतं, ब्रशने धुवा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवा. नोझलच्या भोकात तार मात्र घालू नका, भोक मोठं झालं की फवारा कायमचा बिघडतो. नोझल बसवण्याआधी थोडं पाणी सोडून पाइपातली घाण बाहेर काढा.

दांडीच्या कडेने पाणी गळतंय? सीलमध्ये कचरा असेल, नाहीतर सील झिजलंय. सगळीच हेड्स मंद असतील तर एकही उघडू नका. प्रेशर तपासा, पाइप कुठे फुटलाय का ते शोधा.