अप्रीती, राजद्रोह, असंतोष

भारतीय दंडसंहितेत इ. स. १८७० मध्ये १२४-अ हे कलम घालण्यात आले. त्यातील कळीच्या ‘डिसअफेक्शन’ या शब्दाला कायद्याच्या मराठीने ‘अप्रीती’ हा प्रतिशब्द दिला. ‘केसरी’तील लेखनाबद्दल १८९७ साली टिळकांवर खटला झाला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी या शब्दाचा अर्थ ज्यूरीला सांगितला तो प्रीतीचा अभाव एवढाच. परक्या सरकारवर प्रेम नसणे हाच अपराध ठरला! सहा युरोपीय एका बाजूस, तीन हिंदी दुसऱ्या बाजूस; शिक्षा दीड वर्षे सक्तमजुरीची.

लोकांच्या तोंडी मात्र ‘अप्रीती’ रुळली नाही; तेथे ‘राजद्रोह’ आला. मित्रद्रोह, स्वामिद्रोह यांच्या पंक्तीतला हा शब्द पापाची छटा घेऊनच येतो. सरकारला तो सोयीचाच होता. परंतु टिळकांसारखा पुरुष त्या आरोपाखाली तुरुंगात जाताच ती छटा विटू लागली.

१९०८ च्या खटल्यात तर भाषांतर हाच वादाचा विषय झाला. लेख मराठी, निर्णय इंग्रजी तर्जुम्यावरून. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेऊन शब्दाशब्दाच्या छटेवर बोट ठेवले. भाषांतरकारांनी खटल्याचा हा भाग अवश्य वाचावा. सात विरुद्ध दोन अशा मताने सहा वर्षे हद्दपारी झाली, ती मंडालेत भोगावी लागली.

टिळक तेथे असतानाच, १९१० मध्ये, व्हॅलेंटाईन चिरोलचे ‘इंडियन अनरेस्ट’ प्रसिद्ध झाले. त्यात टिळकांना ‘अनरेस्ट’चे जनक म्हटले होते, ते अर्थातच दूषण म्हणून. ‘अनरेस्ट’ म्हणजे अशांतता. तिचा दोष ती माजविणाऱ्याच्या माथी. मराठीने येथे ‘असंतोष’ हा शब्द योजला. असंतोष म्हटला की त्याचे कारण विचारावे लागते, आणि ते विचारताच प्रश्न राज्यकर्त्यांच्या दाराशी जातो. काटेकोर दृष्टीने हे भाषांतर सदोषच म्हणावे लागेल. लोकमत केवळ त्यामुळे पालटले असेही नव्हे. ते अगोदरच पालटत होते, त्याला शब्द मिळाला. पुस्तकातील मजकुराबद्दल टिळकांनी लंडनमध्ये लावलेला अब्रुनुकसानीचा दावा १९१९ मध्ये फेटाळला गेला. चिरोलचे पुस्तक आज क्वचितच कोणी उघडतो. ‘भारतीय असंतोषाचे जनक’ हे बिरुद मात्र मराठी मुले शाळेतच पाठ करतात.