डीझेल अंतःक्षेपक : निगा व दुरुस्तीचा इतिहास

डीझेल एंजिनाच्या सिलिंडरात इंधनाचा सूक्ष्म फवारा सोडणाऱ्या साधनास अंतःक्षेपक म्हणतात. रूडोल्फ डीझेल (१८५८–१९१३) यांच्या १८९७ सालच्या यशस्वी एंजिनात इंधन संपीडित हवेच्या झोताने आत ढकलले जाई. त्यासाठी अवजड संपीडक लागे व निगेचा मोठा भार त्याच्यावरच खर्च होई. हवेविना केवळ द्रवदाबाने अंतःक्षेपण करण्याची पद्धत व्हिकर्स कंपनीचे जेम्स मकेक्नी यांनी १९१० साली पुढे आणली. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ मध्ये अंतःक्षेपण पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि डीझेल एंजिन मालमोटारींत रुळले.

संपीडक गेला, पण काटेकोरपणा आला. प्रोथातील (नोझलमधील) सुई व तिचे कवच एकमेकांत घासून जुळविलेले असतात. त्यांमधील फट अवघी २ ते ४ मायक्रॉन असते. म्हणून एकाची सुई दुसऱ्याच्या कवचात कधीही घालत नाहीत. धुळीचा बारीक कणही सुई अडकविण्यास पुरतो. सुई नीट न बसल्यास इंधन ठिबकते, काजळी धरते, धूर वाढतो व प्रसंगी दट्ट्याचा माथा जळून भोक पडते.

यातूनच हातपंपाची परीक्षा रूढ झाली. प्रोथावरील काजळी पितळी कुंचल्याने काढून, भाग स्वच्छ डीझेलमध्ये धुऊन जोडतात. मग सुई ठराविक दाबाला उघडते का, फवारा सारखा पडतो का आणि टोक कोरडे राहते का, हे पाहतात. स्प्रिंगेखालील चकत्या बदलून किंवा स्क्रू फिरवून दाब जुळवितात. चांगला प्रोथ कुरकुरतो. हा आवाज ओळखण्यास कान तयार व्हावा लागतो. फवाऱ्यासमोर मात्र हात कधीही धरू नये, कारण इंधन त्वचा भेदून आत शिरते व वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास बोट वा हात गमवावा लागतो.

भारतात १९५१ मध्ये बंगलोर येथे स्थापन झालेल्या ‘मायको’ कंपनीमुळे हे भाग देशात बनू लागले. पुढे तिच्या नाशिक येथील कारखान्यात प्रोथ व अंतःक्षेपक तयार होऊ लागले.

१९९० नंतरच्या दशकात सामाईक नळीची (कॉमन रेल) पद्धत मोटारगाड्यांत आली. तिच्यातील दाब आता २,००० बारांच्याही वर जातो व सुईचे नियंत्रण विद्युत् संकेतांनी होते. अशा अंतःक्षेपकाची परीक्षा हातपंपावर पुरी होत नाही. त्याला संगणकीय चाचणीयंत्र लागते. साध्या शेतीपंपांच्या एंजिनांवर मात्र जुनी परीक्षाच चालते.