ही गोष्ट कोणाची?

गोष्ट ऐकायला शिक्षक लागत नाही. आजीपाशी बसून आपण सारेच गोष्टी ऐकत आलो, आणि त्यांची मीमांसा केल्यावाचून आपले काही अडले नाही. मग इंग्रजीच्या वर्गात कथेच्या जोडीने साहित्यशास्त्र शिरले कोठून? हा इतिहास चाळू लागलो की आम्हांला असे दिसते की, वर्गातली अडचण आधी आली आणि शास्त्र तिच्या मागून आले.

एडगर ॲलन पो याने १८४२ साली हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करताना, कथा एका बैठकीत वाचून व्हावी व तिचा एकच परिणाम मनावर उमटावा, असे प्रतिपादन केले होते. पण पो हा मासिकांतून लिहून पोट भरणारा. त्याच्यापुढे वर्ग नव्हता. वर्गाची अडचण उघडी पडली ती केंब्रिजला. आय. ए. रिचर्ड्स यांनी कवींची नावे झाकून कविता विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या व मते लिहून मागितली. डनसारख्या कवीलाही कित्येकांनी टाकाऊ ठरवले! १९२९ साली हा सारा पंचनामा ग्रंथरूपाने निघाला.

तोच धडा कथेला लावला तो अमेरिकेत, लुइझियाना राज्य विद्यापीठात एकत्र शिकवलेल्या क्लिअंथ ब्रुक्स व रॉबर्ट पेन वॉरन या दोघांनी. त्यांचे ‘अंडरस्टँडिंग फिक्शन’ हे पाठ्यपुस्तक १९४३ सालचे. लेखकाचे चरित्र आणि कालखंड बाजूला ठेवून कथेला थेट प्रश्न विचारायचे, ही त्यांची रीत. पुढच्याच वर्षी युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि कॉलेजे भरून वाहू लागली. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही, त्यालाही समोरचे पान इतरांइतकेच खुले होते. या पद्धतीचे हे ऋण आम्ही मोठे मानतो.

त्यांनी निवडलेली हेमिंग्वेची ‘द किलर्स’ ही १९२७ सालची कथा पाहा. दोन मारेकरी एका खाणावळीत येऊन एका मुष्टियोद्ध्याची वाट पाहत बसतात. तो येत नाही. ते गेल्यावर निक नावाचा तरुण त्याला सावध करायला धावतो, तर तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. पळून जाण्याची त्याला इच्छाच नाही. ब्रुक्स-वॉरन विचारतात, ही गोष्ट कोणाची? आणि उत्तर देतात, निकची. कारण जगातले क्रौर्य त्याला प्रथमच उमगते. वर्गात विचारायला याहून चांगला प्रश्न आम्हांला सुचत नाही.

पण त्या खाणावळीत सॅम नावाचा काळा स्वयंपाकीही आहे. निकबरोबर तोही बांधला जातो, त्याच्याही तोंडात बोळा कोंबला जातो. सुटल्यावर तो निकला बजावतो की, या भानगडीत पडू नकोस. हा भित्रेपणा की शहाणपण? नुसत्या पानावरून ते ठरत नाही. काळ्या माणसाने गोऱ्यांच्या खुनाखुनीत साक्षीदार होण्याचा अर्थ त्या काळच्या अमेरिकेत काय होता, हे ठाऊक असावे लागते. आणि ज्या विद्यापीठात हे दोघे शिकवीत, तेथे तेव्हा काळ्या विद्यार्थ्याला प्रवेशच नव्हता. सॅमच्या बाजूने हात वर करणारे वर्गात कोणी नव्हते.

पुढे शास्त्र फार सूक्ष्म झाले. पॅरिसला रोलां बार्थ यांनी बाल्झाकच्या एकाच कथेवर दोन वर्षे अभ्यासवर्ग चालवला आणि १९७० साली तिचे ५६१ तुकडे करून दाखवले. कौतुक करावे तेवढे थोडेच! मात्र आपल्याकडे पाऊण तासाच्या तासिकेत हे शास्त्र टिपणांच्या रूपाने येते, आणि मुले कथा न वाचताच तिचे तुकडे पाठ करतात.

सॅमच्या बाजूचा प्रश्न भर विद्यापीठात विचारला तो नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांनी. १९७५ च्या फेब्रुवारीत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील व्याख्यानात, कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ या दीर्घकथेत आफ्रिकेतली माणसे माणसे म्हणून दिसतातच कोठे, असे त्यांनी विचारले. अनेक प्राध्यापक दुखावले. पण १९८८ साली त्या कथेची विद्यार्थ्यांसाठी जी नवी नॉर्टन आवृत्ती निघाली, तिच्यात अचेबे यांचा हा आक्षेप मूळ कथेबरोबर एकाच बांधणीत छापलेला आहे.